सौदामिनी वर्ध्यावरून गेली

प्रसंग असा. नायिकेला कुणीतरी पळवलं आहे. कुणी पळवलं, कुठं नेलं, ती जिवंत आहे का, नायकाला काहीच ठाऊक नाही. तो विंध्याच्या रानात ढगाला आणि जनावरांना तिचा पत्ता विचारत हिंडतो आहे आणि मधूनमधून बेशुद्ध पडतो आहे. अशाच एका मूर्च्छेत तो गेलाच, असं समजून त्याचा जिवलग मित्र डोंगरावरून नदीत उडी घ्यायला निघाला आहे. पलीकडं नायिकेवर आईसारखी माया करणारी म्हातारी भिक्षुणी, नायिकेची सखी आणि त्या मित्राची प्रेयसी अशा तिघीजणी कड्यावर उभ्या आहेत. नायिकेचा बाप अग्निप्रवेशाच्या तयारीत आहे. एवढ्यात आकाशातून एक बाई उतरते.

भरवेलीच्या आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं, तेव्हा खाणीच्या सर्वे खात्यातला आमचा मित्र म्हणाला, ‘‘अबे, कड्यावर टोकन घ्या लागत असन.’’

हसू ओसरायला वेळ लागला. मग प्रश्न सुरू झाले, आणि प्रश्न हसण्यापेक्षाही भारी निघाले. ही उडणारी बाई कोण? आत्तापर्यंत कुठं होती? उडता येतं तर आधी का नाही आली? नायिका सापडली तर पुरावा काय? अन् ज्या राजाच्या हट्टामुळं एवढा गोंधळ झाला, तो आता गप्प का? प्रेम आणि जादू यांचं मिश्रण असलेल्या गोष्टीचा शेवट वाचून मित्रमंडळी जी खिल्ली उडवतात, ती बहुधा याच प्रश्नांची असते. गंमत अशी की या गोष्टीचा लेखक त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून बसला होता. साधारण तेराशे वर्षांपूर्वी.

गोष्ट आहे ‘मालतीमाधव’, लेखक भवभूती. आणि तो आमचा शेजारी आहे.

शेजारी हे उगाच म्हणत नाही. भवभूतीनं नाटकाच्या प्रस्तावनेत आपलं घराणं सांगितलं आहे: गाव पद्मपूर, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. पद्मपूर नावाच्या ठिकाणाहून दिलेला एक अपुरा वाकाटक ताम्रपट दुर्गला सापडला आहे, त्याचाही आधार त्यांनी घेतला. आमगावात भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे. भरवेलीहून बालाघाट, बालाघाटहून गोंदियाची गाडी, तिथून आमगाव. सारा प्रवास साठ-सत्तर किलोमीटरचा. पुढं भवभूती कनोजच्या यशोवर्म्याच्या दरबारात गेला, असं कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’वरून कळतं. म्हणजे नोकरीसाठी उत्तरेला गेलेला इथला माणूस. असे आमच्या आजूबाजूला पुष्कळ आहेत.

भरवेली मॅंगनीजची. इथली भूमिगत खाण आशियातली सर्वांत खोल मॅंगनीज खाण म्हणून ओळखली जाते. खालची कामं जमिनीच्या चारशे मीटरहून जास्त खाली गेली आहेत. ती चालवणारी ‘मॉइल’ ही कंपनी १९६२ ची, पण तिची मूळ संस्था १८९६ ची, आणि मुख्यालय नागपूरला. १९५६ पर्यंत तर हा बालाघाट जिल्हाच नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळं गावात हिंदी, पवारी, गोंडी आणि आमची विदर्भी मराठी एकाच चहाच्या टपरीवर नांदते. आमच्या बैठकीत सर्वेवाला आहे, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत आणि बँकेतले भाऊ आहेत, ते गोंदियाचे. संस्कृत कुणालाच अस्खलित येत नाही. अनुवाद आणि कोश समोर ठेवून आम्ही पुढं सरकतो.

सगळ्यांत आधी हे समजून घ्यायला हवं की ‘मालतीमाधव’ला त्या काळची कादंबरी म्हणायला फारशी हरकत नाही. संस्कृतात नाटकांचे प्रकार ठरलेले होते. ‘शाकुंतल’सारख्या नाटकाची कथा महाभारतातून आलेली, प्रेक्षकाला शेवट घरूनच माहीत. ‘मालतीमाधव’ हे ‘प्रकरण’ आहे. प्रकरणाची कथा लेखकानं स्वतःच्या डोक्यातून काढायची, पात्रं राजे-देव नव्हेत तर अमात्य, व्यापारी, ब्राह्मण अशी नगरातली माणसं. म्हणजे पहिल्या प्रयोगाला कालप्रियनाथाच्या जत्रेत बसलेल्या एकाही माणसाला पुढं काय होणार हे ठाऊक नव्हतं. दहा अंक. शेवट कसा लागतो यावर सगळा डाव. पुराणाचा टेकू नाही. गाठ स्वतः मारायची आणि स्वतःच सोडवायची.

गाठ अशी. विदर्भातल्या कुंडिनपूरच्या अमात्याचा मुलगा माधव (म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरचा, पोरगा आपलाच) पद्मावती नगरीत न्यायशास्त्र शिकायला येतो. तिथल्या अमात्याची मुलगी मालती. दोघांचे वडील एकेकाळचे सहाध्यायी, आणि मुलांची लग्नं एकमेकांशी लावायची असा त्यांचा शब्द झालेला. पण पद्मावतीच्या राजाला मालती आपल्या लाडक्या नंदनाला द्यायची आहे. अमात्य राजाला नाही म्हणू शकत नाही. मग कामंदकी ही बौद्ध भिक्षुणी सूत्रं हातात घेते आणि दोघांना एकत्र आणायचा बेत रचते. माधवाचा मित्र मकरंद. नंदनाची बहीण मदयंतिका. पिंजऱ्यातून सुटलेला वाघ मदयंतिकेवर झेपावतो, मकरंद तिला वाचवतो. दुसरी जोडी जमली.

वाघाच्या प्रसंगाला आमच्याकडं कुणी फारसं दचकलं नाही. कान्हाचा एक भाग आमच्याच जिल्ह्यात येतो. ‘‘पंचनामा झाला का?’’ एवढंच भाऊंनी विचारलं.

पाचव्या अंकात मात्र सगळे गप्प झाले. माधव रात्री स्मशानात जातो आणि भुताखेतांना नरमांस विकायला उभा राहतो. त्यांच्या कृपेनं तरी मालती मिळेल म्हणून. तिथं त्याला मालतीचीच किंकाळी ऐकू येते. कापालिक अघोरघंट तिला चामुंडेपुढं बळी द्यायला निघाला आहे. माधव त्याला ठार मारतो. अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला सूडाची शपथ घेते. मग सहाव्या अंकात एकदम पालट: नंदनाशी मालतीचं लग्न लागायच्या वेळी मालतीचे कपडे घालून उभा राहतो मकरंद! लग्न लागतं. सातव्यात नवरदेवाला नववधूनं झिडकारल्याचं कळतं, आणि नव्या वहिनीची समजूत काढायला आलेल्या मदयंतिकेला पदराआड मकरंद सापडतो. या भागात बाईंना वाचन थांबवावं लागलं, इतकी वहिनी हसत होती. ‘‘मिशी नव्हती का त्याले?’’ हा तिचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

आठव्या अंकात कपालकुंडला मालतीला उचलून नेते. आणि नवव्यात ती उडणारी बाई.

तिचं नाव सौदामिनी. सर्वेवाल्याचा आक्षेप सरळ होता: ‘‘लेखक अडकला, तवा वरून बाई टाकली. आम्हीबी असे रिपोर्ट लिहून राहिलो असतो तर नोकरी गेली असती.’’ आक्षेप जुना आहे आणि मातब्बर माणसांनी घेतलेला आहे. ग्रीक रंगभूमीवर शेवटच्या क्षणी देवाला दोरखंडाच्या यारीनं वरून उतरवायची सोय होती. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये सादर झालेल्या युरिपिडीसच्या ‘मीडिया’त नायिका सूर्याच्या रथातून निसटते. ॲरिस्टॉटलला ते अजिबात रुचलं नाही. गोष्टीचा उलगडा गोष्टीतूनच व्हावा, यारीतून नव्हे, असं त्यानं ‘काव्यशास्त्रा’त लिहून ठेवलं, आणि उदाहरण म्हणून ‘मीडिया’चंच नाव घेतलं.

म्हणून आम्ही पानं उलटी चाळली. सौदामिनी पहिल्यांदा कुठं दिसते? सापडली ती थेट पहिल्या अंकात, पडदा उघडल्यावर थोड्याच वेळात! कामंदकी आणि तिची शिष्या बोलत बसल्या आहेत. बोलता बोलता विषय निघतो: कामंदकीची एक जुनी शिष्या होती, सौदामिनी, ती आता श्रीपर्वतावर असते आणि तिला मंत्रसिद्धी मिळाली आहे. त्याच गप्पांत स्मशानाजवळच्या देवळातल्या अघोरघंट आणि कपालकुंडलेचाही उल्लेख येतो. एवढंच नाही, दोन बापांनी मुलांच्या लग्नाचा शब्द दिला, तो कामंदकी आणि सौदामिनी यांच्या साक्षीनं. म्हणजे नवव्या अंकात आकाशमार्गानं येणारी बाई तिऱ्हाईत नव्हेच. ती लग्नाच्या मूळ कराराची साक्षीदार. नवव्या अंकातला चमत्कार पहिल्या अंकात, गप्पांच्या ओघात, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा बेताने ठेवून दिलेला.

हे सापडलं तेव्हा सर्वेवाला जरा वेळ काहीच बोलला नाही. मग त्यानं खाणीतलं काम समजावलं. इथं खनिज खालून वर काढत जातात. एक थर काढला की खाली पोकळी राहते. ती पाण्यासोबत सोडलेल्या रेतीनं भरून काढतात, तिला स्टोइंग म्हणतात. आणि त्या भरलेल्या रेतीवर उभं राहून पुढचा वरचा थर काढतात. ‘‘भरल्याशिवाय वर जाता येत नाही. याने पहिल्या अंकातच रेती भरून ठेवली होती न!’’ भवभूतीवर मी वाचलेल्या टीकांमध्ये याहून नेमकं वाक्य मला आठवत नाही.

उडण्याचा प्रश्न राहिला होता. आकाशात उडता येतं हे नियमात कुठं बसतं? तेही आधीच बसवलेलं आहे, आणि कुणाकडून? खलनायिकेकडून. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला कपालकुंडला आकाशमार्गानं प्रवेश करते. तेव्हा प्रेक्षक घाबरतो. लेखक सवलत घेतो आहे असा संशय त्याला येत नाही, कारण सवलत वाईट माणसाला मिळते आहे. एकदा वाईटाला उडता आलं की चांगल्याच्या उडण्यावर हरकत घेता येत नाही. अद्भुत कथा लिहिणाऱ्यांची ही खुबी आजही चालते: जादू आधी शत्रूच्या हाती द्यायची, म्हणजे ती नंतर आपल्या माणसाच्या हाती उसनी वाटत नाही.

मग सर्वेवाल्यानं फोनवर नकाशा उघडला. श्रीपर्वत म्हणजे आंध्रातलं श्रीशैलम, असं सामान्यतः मानतात. पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरजवळचं पवाया. दोन्हींमध्ये सरळ रेघ ओढली तर ती हजार किलोमीटरहून जास्त भरते, आणि जवळजवळ उभी, दक्षिणोत्तर जाते. विदर्भात ती साधारण वर्ध्यावरून जाते. कौंडिण्यपूर, म्हणजे माधवाचं गाव, डाव्या हाताला राहतं. नागपूर उजव्या हाताला. भरवेलीच्या वरून काही जात नाही, याचं वहिनीला मनापासून वाईट वाटलं. ‘‘थोडी वाकडी येती तर काय झालं असतं?’’

आणि इथंच या नाटकातली, माझ्या मते, सर्वांत थक्क करणारी गोष्ट आहे. नवव्या अंकाच्या आरंभी सौदामिनी पद्मावतीवर घिरट्या घालते आणि वरून जे दिसतं ते सांगते: सिंधू आणि पारा या दोन नद्यांनी वेढलेली नगरी, तिचे वाडे, देवळं, वेशी, पलीकडं दुसऱ्या नद्या, त्यांचे संगम, संगमावरचं शिवस्थान. उडणाऱ्या जोगिणीच्या तोंडचं वर्णन. यावर कोण विश्वास ठेवणार? पुरातत्त्ववाल्यांनी ठेवला. पद्मावती ही नागराजांची प्राचीन राजधानी, पण ती नेमकी कुठं होती हे एकोणिसाव्या शतकात कुणाला खात्रीनं सांगता येत नव्हतं. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या नाटकातल्या नद्यांचा आधार घेऊन नरवरकडं बोट दाखवलं. पुढं ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्यातले मो. बा. गर्दे यांनी तेच वर्णन घेऊन नद्या पुन्हा तपासल्या आणि सिंध आणि पार्वती यांच्या संगमावरचं पवाया हे गाव पद्मावती असल्याचं दाखवलं. ‘पारा’ म्हणजे पार्वती. तिथं नागांची नाणी मिळाली, मणिभद्र यक्षाची लेख असलेली मूर्ती मिळाली, उत्खननं झाली. नाटकात माणसं प्रेमात पडतात, स्मशानात जातात, नवरीचे कपडे घालतात. यांतल्या एकाही गोष्टीचा पडताळा घेता येत नाही. पडताळा घेता आला तो, जे सर्वांत अशक्य, त्या आकाशातून पाहिलेल्या दृश्याचा. विमान नसलेल्या काळात भवभूतीनं एक हवाई नकाशा काढला आणि तो हजार-बाराशे वर्षांनी जमिनीवर जुळला.

‘‘म्हणजे सर्वेवाली होती ती,’’ आमचा मित्र म्हणाला. त्या दिवसापासून सौदामिनी त्याच्या खात्यातली.

पुराव्याचं म्हणाल तर बकुळीची माळ आहे. पहिल्या अंकात माधव मदनोत्सवात बकुळीची फुलं ओवत बसतो, आणि मालतीची सखी ती माळ मालतीसाठी मागून नेते. ती माळ नंतर हात बदलत राहते. नवव्या अंकात सौदामिनी ओळख पटवायला तीच पुढं करते. बकुळ वाळली तरी वास टिकतो, हे मराठी घरात कुणाला सांगायला नको. दुसरं कुठलंही फूल इथं चाललं नसतं. बाईंच्या मते हा या नाटकातला सर्वांत शहाणा तपशील आहे. मला मात्र नद्याच जास्त आवडतात.

तरी शेवटची गाठ जादूनं सुटत नाही, हे भाऊंच्या लक्षात आलं. सौदामिनी मालतीला परत आणते, कड्यावरचे सगळे खाली उतरतात, बाप अग्नीपासून वाचतो. पण लग्नाला राजाचा विरोध होता त्याचं काय? मंत्रसिद्धीनं राजाचं मन वळवलं असं भवभूती दाखवू शकला असता. दाखवत नाही. दहाव्या अंकात एक पत्र येतं. पद्मावतीच्या राजानं, नंदनाच्या संमतीनं, माधवाला लिहिलेलं लेखी पत्र: आम्ही प्रसन्न आहोत, मकरंदालाही मदयंतिका मिळावी. ‘‘शेवटी जीआर निघाला तवाच काम झालं,’’ भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात बँकेतल्या माणसाचं समाधान होतं. हसण्यावारी नेलं तरी मुद्दा पक्का आहे. मृत्यू, अपहरण, अंतर ही संकटं अद्भुतानं दूर होतात. समाजानं घातलेला अडसर मात्र समाजाच्याच कागदानं दूर व्हावा लागतो. म्हणून तर हा शेवट हवेत तरंगत नाही.

आता हा एवढा चमत्कार शेवटीच का? यामागं लेखकाची लहर नाही, शास्त्र आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त कथेचे पाच सांधे सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज पेरण्यापासून फळ हाती येण्यापर्यंतचे टप्पे. विमर्श म्हणजे जवळजवळ हाती आलेलं निसटतं तो टप्पा. आमचा कडा तिथं आहे. निर्वहण म्हणजे शेवट, आणि भरत स्पष्ट सांगतो की नाटकात कुठलाही रस असो, निर्वहणात अद्भुत हवाच. शेवटाला डोळे विस्फारले पाहिजेत, हा नियमच. निर्वहणाची चौदा अंगंही दिली आहेत. त्यांत एक ‘उपगूहन’: आश्चर्य घडणं. म्हणजे चमत्कारासाठी अर्जात वेगळा रकाना आहे! शिवाय दुःख संपल्याचा ‘समय’ आहे, अजून काय हवं असं विचारून वर देण्याचा ‘काव्यसंहार’ आहे, आणि सगळ्यांचं भलं मागणारी ‘प्रशस्ती’ आहे, जिला आपण भरतवाक्य म्हणून ओळखतो.

भरत आणखी एक चित्र देतो, ते मला फार आवडतं: काव्याची रचना गाईच्या शेपटाच्या टोकासारखी असावी. याचे टीकाकारांनी दोन अर्थ लावले. एक, अंक पुढंपुढं आखूड होत जावेत. दुसरा अधिक गोड आहे: शेपटीचे केस जसे काही आखूड, काही मधल्या लांबीचे, काही टोकापर्यंत पोचणारे, तसे कथेचे काही धागे सुरुवातीलाच संपावेत, काही मध्ये, आणि अगदी थोडे शेवटाला पोचावेत. आजच्या कादंबरीच्या शेवटावर वाचक चिडतात तेव्हा बहुतेक वेळा चमत्काराचा राग नसतोच. सगळे केस एकाच जागी कापलेले दिसतात, त्याचा असतो.

मराठी कादंबरीनं जन्मतःच हा वारसा घेतला. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. प्रेम, वियोग, विमान, सगळं आहे. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी मोठ्या प्रामाणिकपणानं कारण दिलं: आपल्याकडची लग्नाची रीत आणि इतर परिस्थिती अशी की आपल्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडतच नाही; रोजचं लिहिलं तर पुस्तकात राम राहणार नाही; म्हणून अद्भुताकडं वळणं भाग आहे. पुढं समीक्षकांनी या वाक्यांवरून त्यांना बरंच झोडलं. मला वाटतं, इतकं खरं बोलणारा कादंबरीकार विरळा. लहानपणीच लग्नं उरकून टाकणाऱ्या समाजात तरुण-तरुणींनी एकमेकांना पाहण्यासाठीसुद्धा विमान लागणारच.

थट्टेची परंपराही तितकीच जुनी आणि घरचीच. नागपुरात जन्मलेल्या, जळगाव-जामोदला वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले, त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असे तीन मित्र जमून जगातल्या प्रत्येक गोष्टीची चिरफाड करतात. मजा म्हणजे ‘वीरतनय’, ‘मूकनायक’ अशी कल्पनारम्य नाटकं रचणारे कोल्हटकरही तेच. वैनगंगेच्या पट्ट्यात, शेजारच्या झाडीपट्टीत, तर ही चिरफाड दर हंगामात होते. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. म्हणजे शेवट आणि पहाटेचा चहा यांच्यात अंतर जवळजवळ नाहीच. मंडपातून उठलेला माणूस डोळे चोळत टपरीवर येतो आणि खलनायकाला इतक्या लवकर कसं मारलं यावर बोलायला लागतो.

भवभूतीला हसणारी माणसं ठाऊक होती. ‘मालतीमाधवा’च्याच प्रस्तावनेत तो आपल्याला नावं ठेवणाऱ्यांना उद्देशून बोलतो: हा खटाटोप तुमच्यासाठी नाही, माझ्यासारखा कुणी कधीतरी, कुठंतरी होईल, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. हे वाचून बाई म्हणाल्या, ‘‘फार रागावलाय हो.’’ रागावलेला दिसतो खरा. पण याच माणसाच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, हे ध्यानात घ्या. कालिदासाच्या नाटकांत राजाशेजारी विदूषक बसतो आणि राजाच्या प्रेमाची टिंगल करतो, त्यामुळं प्रेक्षकाला वेगळी करावी लागत नाही. भवभूतीनं ती जागा रिकामी ठेवली. त्याचे प्रेमिक रडतात, मूर्च्छित पडतात, कड्यावर जातात आणि त्यांना कुणी शेजारी बसून ‘पुरे आता’ म्हणत नाही. ते म्हणायला मग माणसं लागतात. माझा समज असा की त्याच्या गंभीरपणाला खरी जोड मिळते ती वाचणाऱ्यांच्या टवाळीनंच. टवाळी करत करतच आम्ही पहिल्या अंकातली सौदामिनी शोधली. नुसतं भारावून वाचलं असतं तर ती तिथंच राहिली असती.

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा शेवट याहून अवघड, पण त्याला निदान सबब आहे. बाण ती अर्धी टाकून वारला आणि मुलानं पुरी केली. पोपट पूर्वजन्मी ऋषिकुमार, राजा पूर्वजन्मी राजपुत्र आणि त्याआधी चंद्र, मेलेल्या नायकाचा देह न कुजता वाट पाहत पडलेला: हा सगळा उलगडा बापाच्या पश्चात पोरानं करायचा. वहिनीनं त्या पोराला पूर्ण गुण दिले.

‘मालतीमाधवा’त एक धागा मात्र सुटाच राहिला, आणि तो आमच्या वहिनीनंच पकडला. ‘‘ते कपालकुंडलेचं काय झालं?’’ स्मशान, बळी, सूडाची शपथ, अपहरण: एवढं करून ती जाते कुठं? रंगमंचावर तिचा हिशेब होत नाही. सगळ्यांची लग्नं लागतात, राजाचं पत्र वाचलं जातं, भरतवाक्य होतं. तिला ना शिक्षा, ना क्षमा.

हा केस मात्र शेपटीबाहेर लांब गेला. १८६६ साली, म्हणजे ‘मंजुघोषे’च्या दोन वर्षं आधी, बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांनी बंगालीत कादंबरी लिहिली आणि नायिकेचं नाव ठेवलं ‘कपालकुंडला’. कापालिकानं समुद्रकाठच्या रानात वाढवलेली मुलगी. वाट चुकलेल्या तरुणाला ती बळीच्या सुरीखालून वाचवते. भवभूतीची खलनायिका आता प्रेमकथेची नायिका झाली. शेवट मात्र भवभूतीच्या उलट: नायक-नायिका दोघंही गंगेच्या प्रवाहात जातात, आणि वरून कुणी उतरत नाही. बंगाली वाचकांना ते सोसलं नाही. दामोदर मुखोपाध्याय नावाच्या लेखकानं सरळ पुढचा भाग लिहून काढला, ‘मृण्मयी’, आणि नायिकेला पाण्यातून बाहेर आणलं. शेवटावर चर्चा करणाऱ्या मंडळींतल्या कुणी एकानं चर्चा सोडून लेखणीच उचलली, इतकाच फरक.

मूळ कपालकुंडलेबद्दल आमच्यात दोन तट आहेत. सर्वेवाल्याच्या मते ती श्रीपर्वतावरच असणार, उडण्याचा परवाना रद्द होऊन. वहिनीचं म्हणणं वेगळं: ‘‘तिनं मस्त आश्रम काढला असन. अन् कड्यावरून परत आलेले सगळे तिथंच जात असतीन, सल्ला घ्याले.’’